ग्राइंडरनं करवत पाजळू नका: ‘पाच मिनिटांत नवी’ या व्हिडिओला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. म्हणे जुनी, गंजकी हातकरवत पाच मिनिटांत नव्यासारखी होते. ती रात्रभर अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, सकाळी अँगल ग्राइंडरनं दात पाजळायचे, दात जितके बाहेर वाकवाल तितकी करवत मोकळी चालेल, आणि वरून घरातलं तेल चोपडायचं. एवढं करूनही कापेना तर भंगारात घालायची, कारण जुन्या लोखंडात दम उरलेला नसतो. (रात्रभर आणि पाच मिनिटं यांचा हिशेब कसा लागतो, ते व्हिडिओवालाच जाणे.)

मराठवाड्यात हातकरवत अजून कामातून गेलेली नाही. बांधावरची बाभूळ छाटायची असो, किनवटच्या सागाची चौकट बसवायची असो की लाइट गेल्यावर अडलेलं काम उरकायचं असो, हात तिच्याकडेच जातो. म्हणून हे दावे एकेक करून तपासू.

‘ग्राइंडरनं धार येते.’ येते, पण चार काप टिकते. करवतीचं पातं साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड, आणि दाताच्या टोकाला धातू नावापुरताच. तिथं चकती टेकली की टोक क्षणात निळं पडतं, मग राखाडी. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळं होतं. तिथून पुढे तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि असा मऊ दात सुक्या बाभळीच्या गाभ्यात लगेच बोथट होतो. तापण्यापेक्षाही मोठी अडचण आकाराची आहे. दोन दातांमधली खाच ६० अंशांची असते, तर चकतीची कड चपटी किंवा झिजून गोल झालेली. खाचा कमी-जास्त खोल होतात, दात वर-खाली होतात. मग उंच दात तेवढे लाकडाला लागतात, बाकीचे नुसते हवेत फिरतात आणि करवत उड्या मारत चालते.

यासाठी लागते साधी तिकोनी कानस. तिचा कोन मुळातच ६० अंशांचा. मापाचा नियम असा की कानशीची एक बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीहून किंचित जास्त रुंद हवी, म्हणजे तिन्ही कडा वेगवेगळ्या वापरता येतात. इंचाला ५-६ दात असतील तर ७ इंची स्लिम (म्हणजे बारीक अंगाची), ७-८ दातांना ६ इंची, १० च्या पुढे ४ किंवा ५ इंची एक्स्ट्रा स्लिम.

करवत दोन सरळ फळ्यांमध्ये धरून वाइसमध्ये आवळा. दात फळीच्या वर जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर दिसू द्या. जास्त वर ठेवलं की पातं थरथरतं, कानस किंचाळते आणि दोन्ही लवकर खराब होतात. पहिलं काम धार लावण्याचं नाहीच. लांब चपटी कानस दातांच्या टोकांवरून, पात्याशी काटकोनात धरून, मुठीपासून शेंड्यापर्यंत हलक्या हातानं फिरवा. प्रत्येक टोकावर चकचकीत ठिपका दिसला की सगळे दात एका उंचीवर आले. एखादा दात फारच खुजा असेल तर त्याच्यासाठी बाकीचे सगळे एका बैठकीत उतरवू नका. तो पुढच्या दोन-तीन धारांत आपोआप वर येईल.

मग तिकोनी कानस. दर एक दात सोडून, एका बाजूनं पूर्ण ओळ करा, नंतर करवत फिरवून उरलेले दात. कानस फक्त पुढे ढकलताना लागली पाहिजे, परत आणताना उचला. प्रत्येक खाचेत दोन किंवा तीन, जितके फटके ठरवाल तितकेच. ठिपका मोठा दिसला तर एखादा जास्त. ठिपका नाहीसा झाला त्या क्षणी थांबा, कारण पुढचा एक फटकासुद्धा दाताची उंची कमी करतो. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, म्हणजे लाकूड उभं चिरायच्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात. आडवं कापायच्या करवतीला ती काटकोनापासून १५ ते २५ अंश तिरपी धरायची, म्हणजे दाताच्या कडेला चाकूसारखी धार येते. कानशीत भुगा अडकू नये म्हणून आधी तिच्यावर खडू घासा.

‘दात जितके बाहेर, तितकी मोकळी.’ हा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वाकवलेले नसतील तर पातं लाकडात अडकतं, हे खरं. पण प्रत्येक दातामागे वाक किती? सुक्या सागाला प्रत्येक बाजूला ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. ओल्या बाभळीचे तंतू फुगून पात्याला आवळतात, तिथं ०.२५ ते ०.३. त्याहून जास्त दिलं की चीर विनाकारण रुंद होते, तेवढं लाकूड भुश्यात जातं, हाताला दम लागतो आणि पातं चिरेत डुलत राहिल्यानं काप वाकडा येतो.

वाकवायचा तोही दाताचा वरचा निम्माच भाग. बुडापासून वाकवला तर दात तुटतो किंवा खाचेतून तडा जातो. आधी उजवीकडे असलेला दात डावीकडे कधीही नेऊ नका. दोन दातांत स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात एक दात जास्त वाकतो, शेजारचा कमी, शिवाय नेमकं माप हाताला कळत नाही. त्यापेक्षा सेटिंगची पक्कड, म्हणजे एकेक दात ठरल्या मापानं वाकवणारी, घ्या. वाक दिल्यावर शेवटचा एक हलका कानशीचा हात.

आडव्या कापाच्या करवतीची जुनी परीक्षा सोपी आहे. दात वर करून करवत जरा तिरकी धरा आणि दातांच्या दोन ओळींमधल्या पन्हाळीत शिवणाची सुई ठेवा. सुई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न पडता घसरत गेली तर काम जमलं. मग पेन्सिलीच्या रेषेवर कापून बघा. करवत एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा वाक जास्त आहे. त्या बाजूवरून तेलाचा (धार लावायचा) दगड एकदा, फार तर दोनदा, सपाट फिरवा.

‘रात्रभर अ‍ॅसिड.’ बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं. कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं, आणि मग वाक देताना दात पटापट तुटतात. त्याच्या वाफेनं खोलीतल्या पटाशा आणि रंधेही गंजतात. वरचा गंज ब्लेडनं, आडवं धरून खरवडा. मग रॉकेल किंवा डिझेल लावून २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून पात्याच्या लांबीत घासा, शेवटी ४००. कंपनीचा छाप असेल तिथं हलकं.

‘घरातलं तेल चालतं.’ आपल्याकडे घरातलं तेल म्हणजे बऱ्याचदा करडई, आणि ते हवेत हळूहळू चिकट होतं. मग त्यावर धूळ आणि भुसा बसतो. पात्याला शिलाई मशीनचं तेल पुरे, कापताना मेणबत्ती घासा. जवसाचं तेल फक्त मुठीला, कारण ते वाळून पापुद्रा धरतं. पण त्यात भिजलेला कपडा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो. पसरून वाळवा.

‘जुनं लोखंड संपलं.’ जालन्याच्या भट्ट्यांत जाऊन सळई होण्याआधी निदान कानस लावून बघा. कानस धातू कापत असेल, भुगा पडत असेल, तर करवत जिवंत आहे. उलट हल्लीच्या बऱ्याच करवतींच्या दातांवर काळसर निळा पट्टा दिसतो. ते दात विजेनं कडक केलेले असतात. त्यावर कानस घसरते आणि स्वतःच बोथट होते. म्हणजे धार न लागणारी करवत बहुतेक वेळा नवीच असते.

जुन्यातही काही गेलेल्या असतात. दातांच्या मुळाशी गंजाचे खोल खड्डे, खाचेतून पात्यात गेलेला लांब तडा, किंवा आगीत सापडून पातं लुळं पडलेलं असेल तर वेळ घालवू नका. यातलं आगीत सापडलेलं सोडून बाकी पात्याच्या चांगल्या भागातून १५ बाय ६ सेंटिमीटरचे तुकडे कापा. कापताना पाणी टाकत राहा. सागाच्या फळीवर रंधा मारल्यावर उरलेली लव काढायला याहून बरं स्क्रेपर (लाकूड खरवडायची पत्री) विकत मिळणं अवघड.