एक तारा मिळालेल्या ग्लायकॉलिक पीलबद्दल आमचे उत्तर

नमस्कार ताई,

ग्लायकॉलिक पीलबद्दलचा (चेहऱ्याला अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा थर सैल करायचा उपचार) तुमचा अभिप्राय वाचला. पंधरा दिवस आधी क्रीम देऊन फेऱ्या वाढवल्या, अ‍ॅसिड तीन मिनिटांत पुसून टाकलं, साल निघालीच नाही आणि दहा-बारा दिवसांनी तोंडाभोवती तपकिरी छटा आली, अशा तुमच्या तक्रारी आहेत. तुमचे केसपेपर आम्ही चारचौघांत उघडणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी सालीचं. 35 टक्के ग्लायकॉलिक हे वरवरचं पील. त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या मृत पेशींची एकमेकींना असलेली पकड ते सैल करतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बारीक कोंडा सुटतो, काहींना तोही दिसत नाही. सापाच्या कातीसारखी साल हवी असेल तर ती टीसीए किंवा जेसनर सोल्यूशन अशा दुसऱ्या रसायनांच्या, जरा खोल जाणाऱ्या पीलमध्ये निघते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला तिथेच डागांचा धोका जास्त. साल किती निघाली यावरून पील लागू पडलं की नाही हे ठरत नाही.

तीन मिनिटं कमी वाटली, पण ग्लायकॉलिक आपणहून थांबत नाही. सॅलिसिलिक या दुसऱ्या अ‍ॅसिडच्या पीलमधलं अल्कोहोल उडून जातं, पांढरी भुकटी राहते आणि काम संपतं. ग्लायकॉलिक मात्र न्यूट्रलाइझ करेपर्यंत, म्हणजे त्याचा आम्लपणा मारेपर्यंत, आत जात राहतं. म्हणून स्पिरिटने तेलकटपणा काढायचा, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांच्या कडांना पेट्रोलियम जेली लावायची, कपाळापासून सुरुवात करून टायमर लावायचा. सगळीकडे सारखा गुलाबीपणा आला की सोडियम बायकार्बोनेटचं पाणी. कुठे करडा-पांढरट ठिपका उठला तर वेळ न बघता तिथलं अ‍ॅसिड आधी मारायचं. तो ठिपका म्हणजे त्वचा भाजायला लागली. पहिल्या बैठकीला एक ते तीन मिनिटं, पुढच्या वेळी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढ.

तुम्ही 70 टक्क्यांची बाटली ऑनलाइन स्वस्त मिळते असं लिहिलंय. कृपा करून ती घेऊ नका. नुसत्या टक्क्यावरून जोर कळत नाही, पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) बघावा लागतो. पीएच 3.8 च्या आसपास ग्लायकॉलिकचा निम्मा भागच मोकळं अ‍ॅसिड असतो. पीएच 1 च्या जवळ गेला की जवळपास सगळाच. बाटलीवर पीएच छापलेला नसेल तर ती चेहऱ्याला लावायची वस्तू नव्हे.

आधीचं क्रीम फेऱ्यांसाठी नव्हतं. दोन ते चार आठवडे रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध) लावलं की वरचा थर सारखा होतो, अ‍ॅसिड ठिकठिकाणी कमी-जास्त मुरत नाही आणि त्वचा लवकर भरते. पीलच्या काही दिवस आधी ते बंद करतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच आठवडाभर आधीपासून बंद, ओठांवर तापाचे फोड येतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, हे प्रश्नही त्याचसाठी.

आता तपकिरी छटेचं, कारण खरी काळजी तिचीच. ‘ओठांच्या कडेला थोडे पापुद्रे आले, ते स्क्रबने काढले, पाचव्या दिवशी कळंगुटला गेलो’ असं तुम्हीच लिहिलंय. तोंडाभोवतीची त्वचा बोलता-खाताना सतत हलते, म्हणून पापुद्रा तिथे आधी सुटतो. खालची त्वचा तयार होण्याआधी तो घासला की सूज येते आणि आपल्या रंगाची त्वचा सुजेला मेलॅनिनने, म्हणजे काळसर रंगद्रव्याने, उत्तर देते. त्यात कळंगुटचा समुद्रकिनारा. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही ऊन खालून लागतं.

ही छटा बहुधा वरच्या थरात असते आणि काही महिन्यांत उतरते, पण ऊन टाळलं तरच. चेहरा-मानेला दोन बोटं भरून एसपीएफ 30 च्या वरचं, शक्यतो टिंटेड सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. स्क्रब बंद. फार्मसीतून गोरेपणाची स्टेरॉइड मिसळलेली क्रीम आणू नका. आठ दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होऊन शिरा दिसू लागतात. छटा पूर्ण जाईपर्यंत पुढचं पील आम्ही करणार नाही, तुम्ही आग्रह धरलात तरी.

एका बैठकीत वय कमी दिसत नाही, ही तुमची तक्रार मात्र खरीच. साधारण चार ते सहा बैठका, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि त्यातून रंग सारखा होतो, त्वचेचा खडबडीतपणा जातो. खोल सुरकुत्या वरवरच्या पीलने जात नाहीत.

तपासणीला या, तिचे पैसे लागणार नाहीत. सध्या चेहऱ्याला जे जे लावता ते सगळं, स्क्रबच्या डबीसकट, सोबत आणा. मेकअप न करता या, म्हणजे वुड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाचा तपासणीचा दिवा) छटा किती खोल आहे याचा अंदाज घेता येईल.