सिंहाची गर्जना ८ किलोमीटर? कोणत्या वेळी, ते आधी सांगा

‘सिंहाची गर्जना ८ किलोमीटरवर ऐकू येते’ हे वाक्य सिंहाच्या फोटोवर चढून सगळीकडे फिरतंय. पुढे आणखी दोन वाक्यं असतात: मोकळ्या माळावर अडवायला काही नसतं म्हणून आवाज लांब जातो, जंगलात झाडं तो गिळतात.

आठ किलोमीटर अशक्य नाहीत. पण अनुकूल रात्रीचा आकडा सिंहाच्या घशाला कायमचा चिकटवणं चूक आहे. गर्जनेचा पल्ला हवा ठरवते.

माळाचंच बघा. भर दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम होते आणि आवाज वर वळतो. मग काही अंतरापलीकडे तो जमिनीवर जवळपास पोचतच नाही, मध्ये एकही झाड नसलं तरी. सूर्य मावळला, आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की खाली गार, वर उबदार अशी हवा होते आणि आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. नामिबियातल्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात मायकेल गारस्टँग, केटी पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हवेची मोजमापं घेऊन हत्तींच्या खर्जातल्या हाकांचा हिशेब मांडला. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात पल्ला १० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि हाक पोचण्याचं क्षेत्र एकाच दिवसात दहापटीने वाढू-घटू शकतं. हत्ती तोच, हाक तीच!

झाडं आवाज गिळतात हे अर्धंच खरं. पानं-फांद्या मुख्यतः उंच पट्टीचे स्वर विखरतात. खर्जाला त्यांचा फारसा अडथळा होत नाही. शिवाय दाट जंगलात ऊन वरच अडतं, त्यामुळे खालची हवा दुपारीही माळासारखी तापत नाही. प्रश्न फक्त अंतराचाही नाही. खोडांवरून परतणारे प्रतिध्वनी जलद किलबिल एकमेकांत मिसळून टाकतात. यूजीन मॉर्टन यांनी १९७५ मध्ये पनामातल्या पक्ष्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जंगलतळाच्या पक्ष्यांची शीळ खालच्या पट्टीतली आणि साधी, तर गवताळ भागातल्यांची गाणी भरभर कंप पावणारी आढळली.

आणि ‘ऐकू येते’ म्हणजे कुठल्या गोंगाटात? नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या भागातले नर गाण्यातले सर्वांत खालचे स्वर वरच्या पट्टीत घेत होते, कारण वाहनांची घरघर नेमके खालचेच स्वर झाकते. सिंहाची गर्जना त्याच खालच्या पट्टीत असते. हमरस्त्यालगत ८ किलोमीटरचा आकडा लागू करायचा, तर ही घरघरही हिशेबात धरावी लागेल.