‘पक्ष्यांना दाणे घालू नका’ या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. “अगं, मी दाण्याची ताटली उचलून ठेवली. इतकी वर्षं घालत होते, पण तो मेसेज वाचला आणि पोटात गोळाच आला.” मेसेज तोवर माझ्याकडेही तीन ग्रुपमधून येऊन पोचला होता. तुमच्याकडेही आला असेल. ‘पक्षीप्रेमींनो, थांबा!’ अशी सुरुवात आणि खाली एकामागून एक दावे. दाणे घातले की पक्षी आळशी होतात, अन्न शोधायला विसरतात, आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर उपाशी मरतात. आयतं मिळू लागलं की स्थलांतर सोडून देतात. कच्चा तांदूळ पोटात फुगतो आणि पोट फुटतं. आईबाप तेच दाणे पिल्लांना भरवतात आणि पिल्लं दगावतात. ताटल्यांमुळे रोग पसरतात. म्हणून आजपासून दाणे बंद, फक्त पाणी ठेवा.

यातला एक मुद्दा अगदी खरा आहे, एकात थोडं तथ्य आहे, बाकीचे चुकीचे आहेत. मला वाईट याचं वाटतं की जो खरा आहे तोच एका ओळीत उरकलाय. घाबरवायला पोट फुटण्याची गोष्ट वापरली आणि ज्यानं पक्षी खरोखर मरतात ते वाचणाऱ्याच्या लक्षातही राहिलं नाही.

पहिला दावा, परावलंबनाचा. ताटलीवर येणारी एकच चिमणी धरून अर्धा तास बघा. ती येते, दोन-चार दाणे टिपते, उडते. मग कुंपणावर, मातीत, पानांच्या मागे, भिंतीच्या फटीत तिचं शोधणं चालूच असतं. मी हे घड्याळ लावून पाहिलंय; ताटलीवरचा वेळ तिच्या दिवसाचा लहानसा तुकडा असतो. आणि ते साहजिकच आहे. रानात कुठलंच अन्न कायमचं नसतं. फळलेलं झाड पंधरा दिवसांत रिकामं होतं, गवताचं बी पावसात वाहून जातं. एकाच जागेवर विसंबणारा लहान पक्षी फार दिवस टिकलाच नसता. त्याच्या लेखी तुमची ताटली म्हणजे आणखी एक फळलेलं झाड.

याची नीट तपासणीही झालेली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅनली टेंपल यांनी ब्लॅक-कॅप्ड चिकाडी या चिमुकल्या पक्ष्याचा अभ्यास केला. ताटलीवर येणारे चिकाडीसुद्धा दिवसाच्या गरजेपैकी साधारण २१ टक्केच ऊर्जा तिथून घेत होते, बाकीची स्वतः मिळवत होते. मग त्यांनी मेसेजमधल्या भीतीचीच परीक्षा घेतली. जिथे २५ वर्षं सलग दाणे घातले जात होते तिथले दाणे काढून घेतले, आणि तिथल्या चिकाडींची तुलना ज्यांना कधीच कुणी दाणे घातले नव्हते त्यांच्याशी केली. हिवाळ्यात दोन्हीकडे जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं. पंचवीस वर्षांत चिकाडींच्या कित्येक पिढ्या होतात, आणि तरी कुणी अन्न शोधायला विसरलं नव्हतं.

त्याच दोघांच्या आधीच्या, १९८८ साली छापून आलेल्या अभ्यासात एक उलटी बाजूही दिसते. दाणे मिळणाऱ्या चिकाडींपैकी ६९ टक्के हिवाळा पार करून गेले, न मिळणाऱ्यांपैकी ३७ टक्के. हा फरक मुख्यतः अतिशय कडाक्याच्या थंडीच्या महिन्यांत पडला. तेव्हा हाडं गोठवणाऱ्या थंडीच्या ऐन मध्यावर दाणे अचानक थांबवू नयेत, एवढं मी मान्य करते. एरवी चार दिवस गावाला जायचं असेल तर खुशाल जा.

स्थलांतराच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेज म्हणतो तसं नाही. बहुतेक स्थलांतरी पक्ष्यांना निघायचा इशारा दिवसाची लांबी देते. कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात जंको नावाचे पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. भर हिवाळ्यात, शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या थंडीत, काहींच्या पिंजऱ्यात दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढवला. त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंतात होतात ते बदल हिवाळ्यातच सुरू झाले. ज्यांच्याकडे दिवे नव्हते त्यांच्यात नाही. खायला दोघांनाही मिळत होतं.

याहून बोलकी गोष्ट शाईची आहे. १९६६ मध्ये जॉन आणि स्टीफन एम्लेन या बापलेकांनी एक साधा पिंजरा प्रसिद्ध केला. तळाशी शाईची गादी, भोवती नरसाळ्यासारखा तिरका कागद. इंडिगो बंटिंग हा इवलासा पक्षी त्यात ठेवायचा. स्थलांतराचा हंगाम आला की तो रात्री अस्वस्थ होतो, उड्या मारतो, घसरून परत गादीवर येतो, पुन्हा उडी मारतो. सकाळी कागदावर शाईच्या पायांचे ठसे दिसतात, आणि ते ज्या दिशेला जायचं त्याच बाजूला दाटलेले असतात. पिंजऱ्यातल्या, खाण्यापिण्याची ददात नसलेल्या पक्ष्याची ही तगमग असते. ज्याला निघायचंय त्याला तुमचे मूठभर दाणे काय अडवणार?

थोडं तथ्य म्हणाले ते युरोपातल्या ब्लॅककॅप या वटवट्याबद्दल. मध्य युरोपातले काही ब्लॅककॅप पूर्वीसारखे स्पेनकडे न जाता १९६० च्या दशकापासून वाढत्या संख्येनं हिवाळ्यात ब्रिटनला जाऊ लागले. सौम्य होत चाललेले हिवाळे आणि बागांमधले दाणे, दोन्हींचा त्यात हात आहे. म्हणजे माणसाचं खाणं पक्ष्यांच्या वाटा बदलू शकतं. पण या ब्लॅककॅपनी स्थलांतर सोडलेलं नाही, दिशा बदलली आहे.

तांदळाचं लवकर सांगून टाकते. ही अफवा जुनी आहे. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लग्नात कच्चा तांदूळ उधळण्यावर बंदी घालणारं विधेयकसुद्धा मांडलं गेलं होतं. जगभर पक्षी शेतातला भात खातात. जावा स्पॅरो या पक्ष्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘ओरायझिवोरा’चा अर्थच मुळी ‘तांदूळ खाणारा’. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो, मग गिझर्डमध्ये, म्हणजे जाड स्नायूंच्या पिशवीत, जिथे गिळलेल्या बारीक खड्यांमध्ये तो अक्षरशः दळला जातो. फुगून बसायला त्याला सवडच मिळत नाही. केंटकी विद्यापीठातल्या जेम्स क्रूपा यांनी विद्यार्थ्यांना घेऊन हे तपासलं. पांढऱ्या तांदळापेक्षा पक्ष्यांसाठी म्हणून विकलं जाणारं बीच पाण्यात जास्त फुगलं. मग त्यांनी स्वतःकडच्या ६० कबुतर-होल्यांना महिनाभर तांदूळ खायला घातला आणि एकालाही काही झालं नाही.

पिल्लांचा दावा मात्र मला जास्त खटकतो, कारण तो आईबाप पक्ष्यांना मूर्ख ठरवतो. दाणे खाणारे बहुतेक लहान पक्षी घरट्यातल्या पिल्लांना दाणे भरवतच नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत चिमणीच्या चोचीत अळी असते, कोळी असतो, मावा असतो. वाढत्या शरीराला प्रथिनं लागतात आणि ती किड्यांत असतात. चोचीत हिरवी अळी लटकवलेली चिमणी ताटलीतल्या दाण्यांवरून सरळ घरट्याकडे जाताना मी कितीदा पाहिलीय. पिल्लं उपाशी राहतात ती आसपास किडे नसतात म्हणून. वॉशिंग्टन डीसीच्या परिसरातल्या बागांत कॅरोलिना चिकाडींवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला की तिथे पिल्लं पुरेशी वाढत नाहीत आणि पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. परदेशी शोभेच्या झाडांवर तिथल्या अळ्या फारशा जगत नाहीत, म्हणून. तेव्हा पिल्लांची काळजी असेल तर ताटली राहू द्या आणि कीटकनाशकाची बाटली उचलून ठेवा.

आता रोग. हा मुद्दा खरा आहे आणि मेसेजनं जेवढा सांगितलाय त्याहून गंभीर आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक होला यायचा. एके सकाळी तो ताटलीच्या काठावर पिसं फुलवून गोळा होऊन बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, चोचीभोवतीची पिसं ओली. दाणा उचलायचा, मान ताणायचा, आणि दाणा परत ताटलीत पडायचा. मी अगदी हाताच्या अंतरावर गेले तरी उडाला नाही. तो ओला दाणा शेजारच्या चिमणीनं टिपला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मी ताटली महिनाभरासाठी काढून ठेवली. त्याआधी ती नुसती झटकून भरत होते. ते चुकलंच माझं.

त्याला नेमकं काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, पण ट्रायकोमोनास नावाचा परजीवी पसरतो तो याच वाटेनं. तो कबुतर-होल्यांचा जुना रोग. घशात पिवळट गाठी होतात, गिळता येत नाही, पक्षी अन्नपाण्याशेजारी बसून उपाशी मरतो. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये तो फिंच पक्ष्यांत दिसला आणि २००६ पासून त्याची मोठी साथ आली. ग्रीनफिंच हा तिथल्या बागांमधला नेहमीचा पक्षी. त्याची संख्या काही वर्षांत सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. २०२१ मध्ये तो तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. अमेरिकेत १९९४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या आसपास सुजलेल्या, चिकटलेल्या डोळ्यांचे हाउस फिंच दिसू लागले. कोंबड्यांमधला मायकोप्लाझ्मा हा रोगजंतू त्यांच्यात आला होता. तो पूर्वेकडच्या राज्यांत कसा पसरत गेला याची नोंद ठेवली ती घरच्या ताटलीवरचे पक्षी मोजणाऱ्या साध्या माणसांनी. १९८७ पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट फीडरवॉचचे ते स्वयंसेवक होते. ज्या ताटल्यांवर रोग पसरला, त्याच ताटल्यांकडे बघत बसणाऱ्यांमुळे तो कळलाही. म्हणून ‘सगळं बंद करा’ हे उत्तर मला पटत नाही.

मग करायचं काय? सपाट ताटलीत विष्ठा आणि दाणे एकत्र होतात, म्हणून नळीसारखं किंवा जाळीचं भांडं बरं. ताटलीच ठेवायची तर दिवसात संपेल एवढंच घाला. दोन आठवड्यांतून एकदा, गर्दी असेल तर त्याहून लवकर, भांडं घासून एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि कडकडीत वाळवा. वाळवणं टाळू नका, ट्रायकोमोनासला कोरडेपणा सोसत नाही. भांड्याखालची जमीन झाडा, जागा अधूनमधून बदला. बुरशी आलेले दाणे, विशेषतः शेंगदाणे आणि मका, फेकून द्या. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. विष्ठेतून पसरणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो, तेव्हा भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका आणि नंतर हात धुवा. एकही आजारी पक्षी दिसला तर दाणे आणि पाणी दोन्ही दोन-तीन आठवडे बंद. एवढं जमत नसेल तर दाणे घालू नयेत, असं माझंही स्पष्ट मत आहे.

मेसेजनं न घेतलेला एक आक्षेप मी त्यांच्या बाजूनं घेते. दाण्यांचा फायदा सगळ्या पक्ष्यांना होत नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या बागांत संशोधकांनी १८ महिने ब्रेड आणि दाणे घालून पाहिले. बाहेरून आणलेल्या चिमण्या आणि ठिपकेवाले होले वाढले, तिथला मूळचा, किडे खाणारा ग्रे वॉर्बलर कमी झाला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दाणे थांबवल्यावर चित्र बरंचसं पूर्ववत झालं, पण धडा घ्यावा असाच आहे. ब्रेड तर नकोच. पोट भरतं आणि पोषण फारसं मिळत नाही.

शेवटचा सल्ला, फक्त पाणी ठेवा. पाणी जरूर ठेवा, पण ते निर्धोक आहे या समजात राहू नका. ट्रायकोमोनास पाण्यातूनही जातो. पाणी रोज बदला, भांडं रोज घासा.

आणि काचेबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. २०१४ मधल्या एका अंदाजानुसार एकट्या अमेरिकेत दरवर्षी ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. काचेत झाड किंवा आभाळ दिसतं आणि पक्षी त्यात शिरायला जातो. ताटली खिडकीपासून काही मीटरवर असेल तर ती धोक्याची जागा, कारण दचकून उडालेला पक्षी तेवढ्या अंतरात पुरेसा वेग घेतो. एक मीटरच्या आत असेल तर आपटला तरी सहसा वाचतो. नाहीतर दहा मीटरच्या पुढे न्या, किंवा काचेच्या बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके काढा. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला अगदी खेटूनही ठेवू नका.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं मध्येच थांबवून विचारलं, “माझी ताटली खिडकीपासून किती लांब होती गं?” मग टेप घेऊन मोजायला गेली. साडेतीन मीटर निघाली. आता तिनं ती खिडकीच्या गजालाच टांगलीय, आणि धुवायचे दिवस कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवलेत.