माझ्या कथेतला पाऊस

‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला ऐन पावसाळ्यात दिवाळीचा घाम फुटायला लागला. मलाही जुलैअखेर कथा द्यायची होती.

कथेत नायकाचे वडील पहिल्याच परिच्छेदात जातात. (शब्दमर्यादाच तेवढी होती.) लगेच आभाळ हुंदके देतं, पिंपळ मान खाली घालतो आणि चंद्र ढगाच्या पदराने डोळे टिपतो. शाळेत चेतनगुणोक्ती अलंकाराला मला पैकीच्या पैकी मार्क होते, ते इथे व्याजासकट वसूल केले.

संपादकांचा फोन आला. “अहो, पिंपळ रडतोय, चंद्र रडतोय. मुलाला काही काम ठेवलंय का?”

अपमान गिळून मी वाचायला बसलो. तर जॉन रस्किन नावाच्या इंग्रज टीकाकाराने १८५६ मध्येच माझे कान उपटून ठेवलेले! एका कवितेत समुद्राच्या फेसाला क्रूर आणि सरपटणारा म्हटलं होतं. रस्किन म्हणतो, फेस क्रूर नसतो, सरपटतही नाही. दुःखाने माणसाची बुद्धी ठिकाणावर राहत नाही, म्हणून त्याला तसं दिसतं. म्हणजे वर्णन फेसाचं, पण कळतो तो बघणारा. माझी पंचाईत अशी की नायकाची बुद्धी ठिकाणावर होती, लेखकाचीच सुटली होती.

सगळं खोडलं. म्हटलं, साधा पाऊस पाडू. पण मराठीत साधा पाऊस मिळतो कुठे? तो दडी मारतो, ओढ देतो, हजेरी लावतो, उसंत घेतो. पेपरात तर वरुणराजाचे रुसवेफुगवे जावयाच्या वरताण.

एवढ्यात वहीवर टप्‌कन थेंब पडला. छत गळायला लागलं होतं. मी मोरीतली बादली आणून बरोब्बर त्या जागी ठेवली.

“तिथे नको ठेवूस,” आई आतून म्हणाली. “कालपासून बघतेय. बादली ठेवली की मेला बाजूला सरकतो.”

थेंब खरंच वीतभर अलीकडे पडला. थेट वहीत, चंद्राच्या पदरावर.

आता माझ्या कथेत वडील गेल्याच्या रात्री मुलगा बादली घेऊन पावसाच्या मागे मागे घरभर फिरतो. रडत कुणीच नाही. संपादकांना अजून पाठवलेली नाही. बादली तिसऱ्यांदा हलवायची आहे.