तोफेची गरज कुणाला होती?

"पिक्चर आहे गं, इतिहासाचं पुस्तक नाही. कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

आज दुपारी ऑफिसात एकाने मोबाईलवर येऊ घातलेल्या एका ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर दाखवला, मी दोन शब्द बोलले आणि हे उत्तर मिळालं. चारचौघांत वाद नको म्हणून तिथे गप्प बसले. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

ट्रेलरचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. तुम्ही पाहिला नसेल तरी पाहिल्यातच जमा आहे. समोर हजारभर माणसं, नायक एकटा, तो हवेत झेपावतो, सगळं स्लो मोशनमध्ये जातं, मागे ढोल. शत्रू कसा, तर डोळ्यांत काजळ आणि तोंडावर राक्षसी हसू. सुरुवातीला तीन-चार ओळींची पाटी येते, 'काही प्रसंगांत सिनेमॅटिक लिबर्टी घेतली आहे' वगैरे. वाचून व्हायच्या आत ती गायब होते.

मला राग लिबर्टीचा नाही. हे आधी नीट लिहून ठेवते, कारण खाली कमेंटमध्ये हेच येणार आहे. कपडे थोडे भडक असूद्यात. संवाद तर कल्पनेतलेच असणार, सतराव्या शतकात कोणी रेकॉर्डर घेऊन बसलं नव्हतं. 'बाजीराव मस्तानी'त काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून केवढा गदारोळ झाला होता, मला त्या 'पिंगा' गाण्याचं फारसं काही वाटलं नाही. मला राग आहे तो माणसांचे निर्णय बदलण्याचा. कोण कुठे थांबला, कोणी कधी माघार घेतली, कोणी काय पणाला लावलं, इतिहास म्हणजे हेच तर असतं. ते बदललंत की नुसता पोशाख उरतो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती ऐकलेली आहे, तरी सांगणार.

२०२० च्या जानेवारीत 'तान्हाजी' आला. भाचा तेव्हा लहान होता. सिनेमा बघून आल्यापासून त्याच्या तोंडी एकच, 'नागीण'. त्यात उदयभान एक अजस्र तोफ घेऊन कोंढाण्यावर येतो, ती राजगडावर डागायची असते, आणि सगळी लढाई त्या तोफेभोवती फिरते. पुढे मी त्याला सिंहगडावर घेऊन गेले. गडावर पोचल्यापासून हा तोफ शोधतोय. प्रत्येक बुरुजाशी धावत जायचा, वाकून बघायचा, परत यायचा. "मावशी, नागीण कुठे ठेवलीय?" अशी तोफ नव्हतीच म्हटल्यावर त्याचा चेहरा असा काही पडला, की जणू मीच ती विकून खाल्ली. मग म्हणाला, "मग लढाई कशासाठी झाली?"

बघा हं. ज्या लढाईत तानाजी मालुसरे पडले, ती कशासाठी झाली हे सिनेमा आवडीने पाहिलेल्या मुलाला माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात तोफेसाठी झाली होती.

त्याला घेऊन तानाजी कड्याशी गेले. कठड्यापासून लांब बसवलं आणि सांगितलं, इथून चढले. रात्री. तारीख ४ फेब्रुवारी १६७०, तिथी माघ वद्य नवमी, म्हणजे चंद्र उगवणार मध्यरात्रीनंतर. तोवर मिट्ट काळोख. हातांना लागेल ती खाच धरायची आणि वर पहारा. घोरपड? घोरपड शाहिराच्या पोवाड्यातली. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला जी सभासद बखर लिहिली गेली, तिच्यात घोरपड नाही. तिच्यात निवडक दोन मावळे आहेत, ते वानरासारखे कडा चढून जातात, वर माळ, म्हणजे दोराची शिडी, लावतात आणि मग बाकीचे लोक तिच्यावरून चढतात.

पोरगं एकदम गप्प. मग प्रश्न सुरू झाले. ते दोघं कोण होते? त्यांची नावं काय? पहिल्याचा पाय घसरला असता तर? दगड खाली पडून आवाज झाला असता तर? वरच्या माणसाला कसं कळलं नाही? तोफेबद्दल त्या दिवशी त्याने पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

मला हेच म्हणायचं आहे. लहान मुलालासुद्धा कडा पुरला. तोफेची गरज कुणाला होती? मनोरंजनासाठी बदल करावा लागतो ही सबब मला आता ऐकवत नाही. बदल करतात कारण कड्यावरचा काळोख दाखवायला, प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायला डोकं लागतं, आणि तोफ कॉम्प्युटरवर करून मिळते.

मान्य, हा सिनेमा आला नसता तर भाचा गडावर यायला एवढ्या आनंदाने तयार झाला नसता. मान्य. पुढे चला.

पालखेडचं घ्या. १७२८ साल. निजाम पुण्यात शिरून बसलेला आणि बाजीराव पुणे सोडवायला येतच नाही! तो उलट निजामाच्याच मुलखात घुसतो, जालना, वऱ्हाड, खानदेश, बुऱ्हाणपूरवर चाल केल्याची हूल, तिथून गुजरातकडे. निजाम चिडून मागे निघतो, वेग वाढवायला जड तोफा मागे टाकतो, आणि शेवटी पालखेडला जिथे पाणी नाही तिथे अडकतो. विसाव्या शतकातला मॉन्टगोमेरीसारखा सेनापती युद्धांच्या इतिहासावर लिहिताना या मोहिमेचं तोंडभरून कौतुक करतो. आणि पडद्यावर आम्हाला काय दिसलं? एकटा बाजीराव बाणांच्या पावसात शत्रूच्या फौजेत घुसतोय. अहो, शत्रूला हवं तिथे लढायचंच नाही यातच तर त्या माणसाची सगळी अक्कल होती! तुम्ही त्याला शूर दाखवायला गेलात आणि त्याची बुद्धी काढून घेतलीत. माझी चिडचिड पिंग्याची नाही, त्या बाणांची आहे.

हे लिहिताना पुन्हा भाचाच आठवतोय. गड उतरताना त्याने दुसरा प्रश्न विचारला होता. "उदयभान तर राजपूत होता ना? मग तो तिकडे कसा?" सिनेमात त्याचं उत्तर सोपं आहे, तो विक्षिप्त आहे, क्रूर आहे, बस. मी त्याला सांगितलं की तो त्याच्या बादशहाची नोकरी करणारा किल्लेदार होता. गड राखायचं काम त्याच्याकडे होतं, गड राखता राखता तो तिथेच मेला. समोरचा असा असतो तेव्हा आपल्या माणसाचं मोठेपण कळतं. वेड्या माणसाला हरवण्यात तानाजींचा कसला मोठेपणा? शत्रूला विदूषक केल्याने आपला इतिहास उजळ होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाराजांची मोहीम कधी नीट वाचलेलीच नाही.

आणि मग त्याचा तिसरा प्रश्न. इथे मात्र मला खाली दगडावर बसून उत्तर द्यावं लागलं. "पण गड त्यांच्याकडे गेलाच कसा? आपण हरलो होतो?"

हो रे बाबा, हरलो होतो. जून १६६५. पुरंदरला दिलेरखानाचा वेढा, वज्रगड पडलेला, मुरारबाजी कामी आलेले. महाराज स्वतः मोगलांचे सेनापती मिर्झाराजे जयसिंह यांच्या छावणीत गेले. मिर्झाराजांनी तंबू असा लावला होता की आतून पुरंदरवरची लढाई दिसावी, आणि महाराज आत बसलेले असतानाच इशारा करून हल्ला वाढवायला लावला. समोर आपली माणसं मरताना बघत बोलणी करायची! मध्यरात्रीपर्यंत घासाघीस झाली. शेवटी चार लाख होनांचा मुलूख आणि तेवीस किल्ले द्यायचे, एक लाख होनांचा मुलूख आणि बारा किल्ले ठेवायचे असं ठरलं. त्या तेवीसांत कोंढाणा होता, आणि मिर्झाराजांचा मुलगा कीरतसिंह याच्या ताब्यात तो द्यायला महाराज स्वतः गडावर गेले.

त्याच छावणीत निकोलाव मनुची नावाचा इटालियन होता, मिर्झाराजांच्या तोफखान्यात. त्याने लिहून ठेवलंय की तो मिर्झाराजांबरोबर पत्ते खेळत बसला होता आणि शिवाजी महाराज आत आले. डोळ्यांपुढे आणा जरा. अंबरचा राजा, व्हेनिसचा भटक्या, हातात पत्ते, आणि दारातून महाराज आत येतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून किती वेळ नुसती बसून होते. कुठल्या पटकथाकाराला हे सुचेल? आणि सुचायची गरजच नाही, ते घडून गेलेलं आहे!

पण पुरंदरचा तह आमच्या सिनेमांत येतो तो घाईघाईत, तोंड लपवून. नायक वाकलेला दाखवायची भीती वाटते. अरे, पण आपल्या हाताने दिलेला गड म्हणूनच तर पाच वर्षांनी तो कडा चढायचा होता! ते देणं दाखवल्याशिवाय त्या चढण्याला वजन येणार कुठून? भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग त्यांना किती राग आला असेल." लहान मुलाला जे कळलं ते एवढे पैसे ओतणाऱ्यांना कळू नये?

"लोकांना कळतं गं, सिनेमा आहे ते." हेही आज ऐकलं. नाही कळत. मार्च २०२५ मध्ये 'छावा' बघून बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि फावडी घेऊन शेतं खणत होते, मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. बातम्या आल्या होत्या, व्हिडिओ आले होते. बघून मला हसू आलं नाही, रडू आलं. ही माणसं मूर्ख नाहीत. पडद्यावर एवढ्या मोठ्या आवाजात सांगितलेलं खरंच असणार, असा त्यांचा भाबडा विश्वास. त्या विश्वासाची जबाबदारी कुणाची?

त्याच सिनेमात आधी संभाजी महाराजांच्या लेझीमवरून वाद झाला, ते दृश्य काढलं. काढा, नका काढू, मला लेझीममध्ये आभाळ कोसळण्यासारखं काही दिसलं नाही. पण गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना ज्या पद्धतीने दाखवलं त्यावर त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली, ते मला फार गंभीर वाटलं. फितुरी हा एखाद्या माणसाच्या माथी मारलेला निर्णय असतो. त्या आडनावाची मुलं आज शाळेत जातात, त्यांना वर्गात काय ऐकावं लागत असेल? इथे पुरावा काटेकोर नको?

आणि हो, शो बंद पाडणारे, पडदे फाडणारे यांच्या बाजूची मी नाही. त्यांच्यातल्या कितीजणांनी इतिहासाचं एक पान उलटलेलं असतं देव जाणे. प्रेक्षकाला मारहाण करून कुठल्या महाराजांचा मान राखला जातो?

अडीच तासांत सगळं बसत नाही, हेही मान्य. पात्रं एकत्र करावी लागतात, चार लढायांची एक करावी लागते. ठीक आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त फाळक्यांची सगळी हकिगत आली का? नाही आली. पण तो माणूस बाहेर पडताना माझ्यासोबत आला. हसले, डोळ्यांत पाणी आलं, आणि घरी येऊन फाळक्यांबद्दल शोधून शोधून वाचलं. एकही स्फोट नाही त्यात! म्हणजे जमतं. मराठीतच जमलंय.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, त्यात पानिपताच्या काळातली पत्रं आहेत. दाणा-वैरण संपत चाललेली ती छावणी. १४ जानेवारी १७६१ ला ती माणसं उपाशीपोटी लढाईला उभी राहिली. वाचताना आजही घशाशी काहीतरी येतं. हे सगळं छापलेलं आहे, ग्रंथालयात आहे, कुणीही उघडून बघावं. लेखकाला सहा महिने त्यात बसायला पैसे द्यायचे नाहीत आणि घोड्याच्या एका उडीवर कोट्यवधी खर्च करायचे, याला मनोरंजन म्हणायचं?

जाऊदे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. ऑफिसातल्या त्या मित्राबद्दल मनात काही नाही, त्याला मी मनुचीचा तो उतारा पाठवून दिलाय, बघू काय म्हणतो.

माझ्या यादीत नाटक-सिनेमासाठी लिहिणारे काही जण आहात. पुरंदरच्या त्या एका रात्रीवर कुणी लिहिणार असाल तर माझ्याकडची पुस्तकं घेऊन जा, परत करायची घाई नाही. फक्त त्या तंबूत तलवारबाजी घालू नका. भाचा आता मोठा झालाय, पण पहिल्या दिवशी पहिल्या शोला मी त्याला ओढत घेऊन येईन.