आई, जरा उतरतेस का?

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी मी हे वाक्य या महिन्यात चौथ्यांदा बोललो. आईच्या हातात भाजीच्या दोन पिशव्या, डावा गुडघा दुखतोय, आणि मी, तिचा शिकलासवरलेला मुलगा, तिला सांगतोय की एवढा स्पीडब्रेकर पायी ओलांड, पलीकडे परत बस. ती बिचारी काही न बोलता उतरली. पलीकडे जाऊन ट्रकच्या क्लीनरसारखी उभी राहिली आणि हात हलवायला लागली, "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे घे..." गाडी तिरकी घेतली, एकेक चाक चढवलं, तरी शेवटी खर्रर्र. चेंबर गार्ड, म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, घासलाच. वॉचमन हसला नाही, पण त्याने इतक्या सफाईने तोंड फिरवलं की त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१६ची. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस. २०२२मध्ये पोलो इथे बंद झाली, त्यामुळे आहे ती जपायची. इंजिनाबद्दल तक्रार नाही, पण वळणावर गाडी कलायची, म्हणून मी ती ३० मिलिमीटर खाली बसवली. खाली बसवली म्हणजे नवी मुंबईत रात्री सायलेन्सरमधून फटाके फोडत फिरणारी पोरं बसवतात तशी नाही. ते ग्राइंडरने स्प्रिंगचे दोन वेढे उडवतात आणि शॉकअप तेच जुने, पूर्ण लांबीचे ठेवतात. मग चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सुटते. त्यांना हँडलिंगशी घेणंदेणं नसतं, त्यांना फेंडर आणि टायरमधली फट बुजवून फोटो काढायचा असतो. मी नीट स्प्रिंगचा सेट घेतला, त्याला साजेसे आखूड शॉकअप घेतले, अलाइनमेंट दोनदा करून घेतलं. पाऊण लाख गेले. पण बिल्डिंगमध्ये मी त्याच माळेचा मणी. "कशाला रे असले नाद?" हे लिफ्टमध्ये किमान तिघांनी विचारलंय.

कशाला, ते सांगतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर असतो. तो ३ सेंटीमीटर खाली आणला की वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन पाच-सहा टक्क्यांनी कमी होतं. एवढंच, जादूबिदू काही नाही. खरा फरक पडतो तो ताठ स्प्रिंग आणि तिला आवरणाऱ्या शॉकअपने. आणि म्हणूनच ३० वर थांबायचं. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी फार खाली नेली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर जातं, मग रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा भरभर खाली पळतो आणि गाडी उलट जास्त कलायला बघते. वरून बम्प स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटणं आहेच. म्हणजे ६० मिलिमीटर खाली बसवलेली गाडी फोटोत वाघ आणि वळणावर म्हैस. हे मी लोकांना समजावून सांगतो तेव्हा ते मोबाइल बघायला लागतात.

बरं, फायदा मिळतो कुठे? पहाटे साडेपाचला नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर. वेगमर्यादा न मोडतासुद्धा लांब वळणावर जाणवतं, स्टिअरिंग जिथे दाखवाल तिथे नाक जातं, मागून डुलणं नाही. पोट भरतं अक्षरशः. पण त्या साधारण दहा किलोमीटरसाठी आधी ठाण्यातला घोडबंदर रोड काढायचा. कासारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत मेट्रोच्या कामाने रस्त्याची जी चाळण झालीय, तिथे डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक एकाच लेनमध्ये तीन वेगवेगळ्या उंचीला भेटतात. मग कळवा, विटाव्याचा रेल्वेपूल, ऐरोली. पावसाळ्यात विटाव्याखाली पाणी भरलं की गाडी घरीच. पण खड्ड्यांचं मी समजू शकतो. खड्डा पावसाने आणि टँकरने पडतो. स्पीडब्रेकर माणसाने मुद्दाम बांधलेला असतो, भर दुपारी, थापीने, चहा पीत.

आमच्या सोसायटीतला एका रविवारी झाला. उरलेलं सिमेंट, फुटके पेव्हर, वर एक हात काँक्रीटचा. मी स्टीलची पट्टी घेऊन मोजला, हो, मोजला, रात्री अकरा वाजता गुडघ्यावर बसून. उंची १४ सेंटीमीटर, रुंदी, म्हणजे गाडी जाते त्या दिशेने, जेमतेम ४०. माझ्या गाडीच्या पोटाची जमिनीपासून मूळ उंची साडेसोळा, त्यातून तीन वजा, राहिले साडेतेरा. अर्धा सेंटीमीटर! अर्ध्या सेंटीमीटरसाठी माझी आई रस्त्यावर उतरते. मागे माणसं बसली की गाडी आणखी दबते, ते वेगळंच.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. स्पीडब्रेकर कसा असावा हे कुणाला ठाऊकच नाही असं नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८मध्येच लिहून ठेवलंय: १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येची कमान, ताशी २५ किलोमीटरने पार करता यावी अशी. मी गणित केलं. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.४७ मीटर. अशा कमानीवर गाडी मधोमध आली तर दोन चाकांमधला फुगवटा फक्त साडेचार सेंटीमीटर. पोटाखाली नऊ सेंटीमीटर मोकळे! म्हणजे कायदेशीर स्पीडब्रेकरवरून माझी "खाली बसवलेली" गाडी आरामात जाते, आई मागे बसलेली असताना, भाजीसकट. घासतो तो आमच्या कमिटीचा चबुतरा.

सेक्रेटरीकाकांना हे सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कमानीचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "अरे, पोरं खेळतात खाली. तुझी गाडी मोठी का मुलांचा जीव मोठा?" यावर काय बोलणार? काका, मुलांचा जीवच मोठा. पण मग सांगा, ज्यांना हळू करायचं ते हळू होतात का? माझा मेहुणा त्याच्या उंच एसयूव्हीतून चाळीसच्या स्पीडने त्याच चबुतऱ्यावरून उडत येतो आणि उतरून म्हणतो, "काय जिजू, अजून गाडी ढकलताय?" थांबतो फक्त मी, आणि दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांची रिक्षा तिथे आदळली की मणका धरून बसतात.

आणि कायदा? तो आहे, माझ्यासाठी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाला सोडून गाडीत फेरफार करू नका. कलम १८२अ खाली मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. चौकातल्या मामाने मनावर घेतलं तर माझी तीन सेंटीमीटर त्यात बसवता येतील. पण ठरल्यापेक्षा चार सेंटीमीटर उंच आणि सव्वातीन मीटर अरुंद चबुतरा बांधणाऱ्याला कोण विचारतं? उलट त्याला सोसायटीच्या वार्षिक सभेत टाळ्या.

काल नोटीस बोर्डावर कागद लागला. बी विंगच्या वळणावर, बरोबर जिथे माझं पार्किंग आहे तिथे, येत्या रविवारी दुसरा होतोय. प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी दोनशे रुपये. वॉचमन पावती घेऊन संध्याकाळी दारात आला होता. आईने देऊनही टाकले.