त्राबाखो की त्राबाखो?

स्पॅनिशमध्ये नाव, गाव, आवडता रंग सांगून होईपर्यंत मला ही भाषा फार प्रेमळ वाटते. मग मुलाखतीतला प्रश्न येतो, ‘आधीच्या नोकरीत टीममध्ये काय केलंत?’ आणि माझी घसा खाकरायला सुरुवात होते.

पहिला घोळ उच्चारातल्या जोराचा. ‘मी काम करतो’ म्हणजे त्राबाखो आणि ‘त्याने काम केलं’ म्हणजेही त्राबाखो. पहिल्यात जोर ‘बा’वर, दुसऱ्यात ‘खो’वर. देवनागरीत तर दोघं जुळी भावंडं! जोर एक अक्षर पुढे सरकला, की आपली सगळी मेहनत शेजारच्या टेबलावरच्याच्या नावावर. ‘मी काम केलं’साठी त्राबाखे, जोर शेवटी. तोच चुकून ‘बा’वर पडला, की अर्थ होतो ‘तुम्ही काम करा’. समोरच्या साहेबांनाच हुकूम.

बरं, एकट्याचं सोडून टीमचं बोलावं, तर त्राबाखामोस म्हणजे ‘आम्ही काम केलं’ आणि ‘आम्ही काम करतो’ही. शेवटी ‘आर’ असलेल्या क्रियापदांची ही सवयच आहे. म्हणून सोबत एल आन्यो पासादो, म्हणजे ‘गेल्या वर्षी’, जोडलेलं बरं. नाहीतर सोडलेल्या नोकरीत आपण अजून राबतोय असा समज होतो. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच, नोसोत्रोस. टीम सगळी बायकांची असेल तर नोसोत्रास, पण त्यात एक पुरुष आला की लगेच पुन्हा नोसोत्रोस. याबद्दल माझं मत मी राखून ठेवतो.

खरी कसोटी दोन भूतकाळांची. इथे मराठीचा आधार घ्यावा. ‘करत होतो’, ‘असायचं’ ही पार्श्वभूमी इंपेर्फेक्तोत: एरामोस सिंको, आम्ही पाच जण होतो, मे एनकार्गाबा दे, अमुक काम माझ्याकडे असायचं. ‘केलं, झालं, संपलं’ ते इंदेफिनीदोत. अदलाबदल झाली की फजिती. तेनिआमोस के एंत्रेगार म्हणजे अहवाल द्यायचा होता, दिला की नाही देव जाणे. तुविमोस के एंत्रेगार म्हणजे द्यावा लागला आणि दिलाही. ‘नो केरिया’ म्हटलं तर फक्त इच्छा नव्हती. ‘नो कीसे’ म्हटलं तर साफ नकार दिला. सहकाऱ्याशी झालेला मतभेद सांगताना एवढ्याशा फरकाने आपण समजूतदारचे भांडखोर होतो.

वर्षांचा हिशोब आणखी वेगळा. आसे त्रेस आन्योस म्हणजे तीन वर्षांपूर्वी. तीन वर्षं अजून चालूच असेल तर येवो त्रेस आन्योस त्राबाखांदो. यातल्या ‘येवो’चा मूळ अर्थ ‘वाहून नेतो’. नोकरीचं इतकं नेमकं वर्णन व्याकरणाच्या पुस्तकात सापडेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात सोपा प्रश्न मात्र ‘काय चुकलं?’ हा. से नोस पेर्दियो एल आर्चीवो: फाईल हरवली, आमच्या बाबतीत, आपली आपणच. हरवणारा वाक्यात कुठेच नाही. याचा सराव मराठी माणसाला लागत नाही. ‘कप फुटला’ हे आपण बोलायला लागल्यापासून म्हणतोय.